खाजकुइली हात न लावता कशी ओळखायची

दिवाळीनंतर सह्याद्रीत फिरणार असाल तर ही वेल ओळखता यायलाच हवी. शेंगा वाळल्या की जरा वारा आला तरी लव उडून मानेवर बसते आणि मग खाजवता खाजवता जीव जातो. खाजकुइली, कुहिली, गावागणिक नाव बदलतं, शास्त्रात हिच्या गटाला म्यूकुना म्हणतात आणि जगभरच्या उष्ण पट्ट्यात मिळून त्यात शंभरेक जाती आहेत.

आधी पान बघा. एका देठावर तीन पानं, मधलं सरळ पण बाजूची दोन तिरकी, बाहेरचा अर्धा भाग रुंद आणि आतला अरुंद. आता हे घेवड्याच्या पानातही दिसतं त्यामुळे नुसत्या पानावर पैज लावू नका. वेलीला ताणे (आधाराला गुंडाळणारे तंतू) नसतात, खोडच झाडाला विळखे घालत वर जातं. ताणे दिसले आणि पानं तीनपेक्षा जास्त छोट्या पानांत विभागलेली असली तर ती गारंबी ही दुसरीच वेल असू शकते, कुहिली नाही.

खरी मजा फुलात आहे. गर्द जांभळे घोस लटकत असतात, आणि एक फूल नीट बघितलंत तर वरची पाकळी, जी वाल-पावट्यात सगळ्यात मोठी दिसते, ती इथे आखूड राहिलेली, बाजूच्या दोन तिच्यापेक्षा लांब, आणि आतली जोडपाकळी (दोन पाकळ्या जुळून झालेली) तर चोचीसारखी टोकाला वळलेली, ते टोक चक्क कडक असतं. लेन्स असेल तर आतले पुंकेसर मोजा, दहा असतात, नऊ चिकटलेले आणि एक सुटा. फूल सुकलं की काळं पडतं.

आता शेंग, तीही लांबूनच! नेहमीच्या कुहिलीची शेंग बोटाएवढी, एस आकाराची, सोनेरी-तपकिरी लवेने भरलेली. सोनगारवी (हीपण म्यूकुनाच, पण मोठी महावेल) असेल तर शेंग चपटी, रुंद, वर तिरक्या घड्या आणि आत बहुतेक एकच बी. अबई या शेंगवेलीची शेंग मोठी असते पण गुळगुळीत, तिला घाबरायचं कारण नाही. जुन्नर भागातून तर २०१२ मध्ये एक नवीनच जात नोंदवली गेली, म्यूकुना संजप्पी, म्हणजे आपल्याकडे अजून बघण्यासारखं बरंच आहे.

शेंग फुटून बी खाली पडलेली मिळाली तर तिचा डोळा बघा, म्हणजे जिथे ती शेंगेला चिकटलेली असते ती जागा. कुहिलीची बी चकचकीत, डोळा छोटा आणि त्याला पांढुरकी उंच कड. सोनगारवीची बी मोठी गोल आणि डोळा काळ्या पट्ट्यासारखा अर्ध्याहून जास्त बीला वेढा घालून गेलेला. काष्ठौषधीच्या दुकानात कवचबीज म्हणून मिळते ती कुहिलीचीच बी, पण तिच्यात एल-डोपा असतं, जे पार्किन्सनच्या औषधात वापरतात, त्यामुळे वैद्यांना न विचारता खायच्या भानगडीत पडू नका.

आणि लव लागलीच तर चोळू नका प्लीज, चोळलं की केस अजून आत रुततात आणि शेजारच्या कातडीवरही पसरतात. चिकटपट्टी लावून ओढून काढा, दोनतीनदा नवीन तुकडा घेऊन, मगच थंड पाण्याने धुवा. कपडे वेगळ्या पिशवीत टाका, डोळ्यात गेली असेल तर भरपूर पाणी मारून थेट डॉक्टर.