दुसरीच्या वर्गातून बालपुस्तकांच्या टेबलाशी

गेल्या वर्षभरात चौघीजणींनी मला एकच प्रश्न विचारला. चौघीही महाराष्ट्रात डी.एड. नाहीतर बी.एड. करून नवऱ्याच्या नोकरीमुळे डेन्मार्कला आलेल्या. “ताई, तुम्ही इथे शाळेत शिकवत होतात, मग मुलांच्या पुस्तकांच्या संपादनात कशा आलात? आम्हाला जमेल का?” जमेल. पण वाट लांब आहे, आणि तिच्यावरची काही वळणं मला कुणी आधी सांगितली असती तर माझी दोन-तीन वर्षं वाचली असती. फोनवर दर वेळी काहीतरी सांगायचं राहून जातं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

साताऱ्याला तीन वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून मी २००६ मध्ये ऑर्हूसला आले. इथली ‘फोल्केस्कोले’ म्हणजे नगरपालिकेची शाळा: आधी शून्यावी इयत्ता, मग पहिली ते नववी, आणि कुणाला हवी असेल तर दहावी. तिथल्या शिक्षकाची पदवी चार वर्षांची असते. ज्यांच्याकडे आधीचं शिक्षण आहे त्यांच्यासाठी ‘मेरिट’ नावाचा आखूड मार्गही आहे, आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणींना तोच सोयीचा पडेल. मी पूर्ण चार वर्षं काढली. कुठलाही मार्ग घ्या, आधी भाषा. ‘प्रोव्ह इ डॅन्स्क ३’ ही डॅनिशची परीक्षा पास झालात म्हणजे भाषा आली असं समजू नका. तिच्या वरची ‘स्टुडीप्रोव’ द्या. पुढे पुस्तकांत यायचं मनात असेल तर ह्या बाबतीत अजिबात घाई नको.

आपण देवनागरीत वाढलेली माणसं. ऱ्हस्व-दीर्घाचे वाद सोडले तर दिसलं अक्षर की निघाला उच्चार, अशी आपली सवय. डॅनिशमध्ये कुत्र्याला लिहितात ‘हुन्द’ आणि म्हणतात ‘हुन’. ‘मी’ ह्या अर्थाचा शब्द अक्षरं जुळवून वाचला तर ‘येग’ होतो आणि तोंडातून निघतो ‘याय’. सहा-सात वर्षांची डॅनिश मुलंही ह्याच दगडांना ठेचकाळतात. म्हणून अगदी पहिल्या वाचनाच्या पुस्तकांत जसे लिहितात तसेच म्हणतात असे शब्द निवडून घेतात: ‘सोल’ म्हणजे सूर्य, ‘मुस’ म्हणजे उंदीर, ‘इस’ म्हणजे आइस्क्रीम. अशा मोजक्या शब्दांत गोष्ट उभी करणं किती अवघड असतं हे मला संपादनात आल्यावर कळलं. पण ठेच नेमकी कुठे लागते, हे मला त्याआधीच पाठ झालं होतं, कारण वर्गातल्या मुलांच्या थोडीशीच पुढे राहून मीही ते वाचायला शिकत होते. परक्या भाषेतून आल्याचं जे ओझं वाटत होतं, त्यानेच मला ह्या कामात सर्वांत जास्त साथ दिली.

माझी खरी तयारी जेवणाच्या सुट्टीत झाली. इथल्या शाळांत मुलं आपापले डबे उघडतात, राय ह्या धान्याच्या काळ्या पावाचे तुकडे, गाजराच्या काड्या बाहेर येतात, आणि ती खात असताना शिक्षक मोठ्याने वाचतात. २०१३ च्या ऑगस्टमध्ये मी नोकरीला लागले आणि आठ वर्षं, बहुतेक रोज, वाचलं. मुलं मला नावानेच हाक मारायची. इथे ‘बाई’ नाही, ‘सर’ नाही. दुसऱ्याच महिन्यात मी एक वही घातली. त्यात पुस्तकाचं नाव, पान आणि त्या पानावर काय घडलं एवढंच लिहायचं. “पान ९: तिघं खिडकीबाहेर बघतायत.” “पान १४: चावण्याचा आवाज थांबला.” “पान २२: शब्द कळला नाही, तरी हसले.” अशा सहा वह्या भरल्या. तुम्ही आज कुठल्याही वर्गात उभ्या असाल, अगदी बदली शिक्षिका म्हणून किंवा पाळणाघरात मदतनीस म्हणून, तरी ही वही आजच सुरू करा. पुढे मला मुलाखतीत माझ्या पदवीबद्दल एक प्रश्न विचारला गेला आणि वह्यांबद्दल तासभर.

वह्यांमुळे आणखी एक गोष्ट उमगली. पुस्तक सोपं की अवघड हे ठरवायला इथे ‘लिक्स’ नावाचा आकडा वापरतात. १९६८ मध्ये कार्ल-ह्यूगो ब्योर्न्सन ह्या स्वीडिश अभ्यासकाने तो मांडला. एका वाक्यात सरासरी किती शब्द, त्यात सहापेक्षा जास्त अक्षरांच्या शब्दांची टक्केवारी मिळवायची. झाला लिक्स. शाळा, ग्रंथालयं, प्रकाशक सगळे त्याच्याकडे बघतात, आणि तो उपयोगीही आहे. पण डॅनिश ही शब्दाला शब्द जोडत जाणारी भाषा. ‘वाढदिवस’ हा शब्द तिच्यात लांबलचक होतो, म्हणून आकडा वाढतो, आणि तो शब्द तर प्रत्येक मुलाला तोंडपाठ असतो. उलट ‘याय’सारखे छोटे, फसवे शब्द आकड्याच्या चाळणीतून सहज निसटतात. आकडा शिका, पण मूल कुठे अडखळलं हे ज्याने कानाने ऐकलंय त्याचं मत आकड्याइतकंच जड आहे, हे ठामपणे सांगायलाही शिका. मला ते सांगायचं धाडस यायला फार वेळ लागला.

आता दार कुठलं, ते सांगते. थेट बालसाहित्य संपादकाची जागा क्वचितच निघते. डेन्मार्कची लोकसंख्या जेमतेम साठ लाख. १७७० मध्ये स्थापन झालेल्या ग्युल्देन्डालसारख्या जुन्या, मोठ्या संस्था आहेत आणि दोन-तीन माणसांवर चालणाऱ्या छोट्याही, पण एकूण खुर्च्या थोड्या. शिक्षकांसाठीचं दार शालेय पुस्तकांच्या बाजूने उघडतं. गोष्टीच्या पुस्तकासोबत शिक्षकांसाठी मार्गदर्शिका निघतात, मुलांसाठी प्रश्न-उपक्रम निघतात. ते लिहायला प्रकाशकांना वर्गात उभी राहणारी माणसं हवी असतात. मी शाळेत असतानाच २०१६ पासून असं लिहायला लागले. मानधन बेताचं होतं, पण वेळेत मजकूर देणं, तिसऱ्यांदा दुरुस्ती करणं, पानात मावेल एवढंच लिहिणं हे सगळं तिथे शिकले. त्यानंतर एका प्रकाशनाने आलेली हस्तलिखितं वाचून अभिप्राय द्यायचं काम दिलं. मग मी शाळेतले तास कमी करून घेतले, आणि २०२१ मध्ये पूर्ण बाहेर पडले. नोकरी एकदम सोडू नका. ‘आ-कासे’चं, म्हणजे बेकारी विमा निधीचं, सदस्यत्व चालू ठेवा. मधले सहा महिने काम नव्हतं तेव्हा त्यानेच मला सावरलं.

शाळा का सोडली, हेही विचारतात. २०१३ च्या एप्रिलमध्ये देशभरच्या शिक्षकांना जवळपास महिनाभर टाळेबंदीत, म्हणजे पगार न देता कामाबाहेर ठेवून, घरी बसवलं होतं, तेव्हा मी शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी होते. २०१४ च्या सुधारणेने शाळेचा दिवस लांबला आणि तयारीचा वेळ आक्रसला. वेळ अपुरा पडला की मोठ्याने वाचायची वीस मिनिटं सर्वांत आधी जायची. त्याचं मला फार दुःख व्हायचं, आजही होतं. मुलांपासून लांब जायचं म्हणून मी निघाले नाही. त्या वीस मिनिटांसाठी काहीतरी करावं, असं वाटत होतं.

आणि तरीही, संपादनात आल्यावर माझ्यातल्या शिक्षिकेला बरंच काही विसरावं लागलं. पहिल्या वर्षी एका चित्रपुस्तकाच्या हस्तलिखितावर मी तीन पानी अभिप्राय लिहिला. मुलगी खोटं बोलते, तर शेवटी तिला चूक कळायला हवी. अमुक शब्द दुसरीच्या पातळीचा नाही. पावसाबद्दलची माहिती अपुरी. ज्येष्ठ संपादिकेने तो शांतपणे वाचला आणि विचारलं, “हे सगळं तुझ्या वर्गातल्या कुणी मागितलं होतं का?” मी घरी जाऊन वह्या उघडल्या. आठ वर्षांत “चावण्याचा आवाज थांबला” असं जिथे जिथे लिहिलं होतं, त्यातलं एकही पान काही शिकवणारं नव्हतं. शिक्षकी पेशातून येणाऱ्या प्रत्येकीला हा घाट चढावा लागतो. आपल्याकडे तर गोष्टीच्या शेवटी तात्पर्य असायचंच, त्यामुळे आपली चढण थोडी जास्तच उभी. मूल एखाद्या पानावर गोंधळलं, तर त्याला तसंच थोडा वेळ राहू द्यायचं, हे मी वर्गात कधी केलं नसतं. पुस्तकात ते करावं लागतं.

कारागिरीचा भाग हाताने शिकायचा. चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचं, म्हणजे १६ पानांचे दोन फॉर्म, छापून दुमडलेले ताव. समोरासमोरची दोन पानं मिळून जे होतं त्याला इथे ‘ओप्स्लाग’ म्हणतात, आणि सगळा विचार ओप्स्लागमध्ये चालतो. कागद दुमडून, टाचून डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, करा. संगणकावर पान उलटण्याचा अंदाज येत नाही. चित्रात जे दिसतंय ते मजकुरातून काढून टाका. चित्रकाराला काय काढायचं ते सांगू नका, प्रसंगात काय घडतंय ते सांगा. आणि प्रत्येक मजकूर मोठ्याने वाचा, दमेपर्यंत.

पैशाचं गणित माहीत असू द्या. छापील प्रती थोड्या निघतात, त्यामुळे ग्रंथालयांची खरेदी फार महत्त्वाची. ग्रंथपाल खरेदी ठरवताना ‘लेक्टोर’ मंडळींची, म्हणजे ग्रंथालयांसाठी नवी पुस्तकं वाचून मत देणाऱ्यांची, छोटी परीक्षणं वाचतात. अशी परीक्षणं लिहिण्याचं कामही शिक्षकांना मिळू शकतं, चौकशी करा. ग्रंथालयांत असलेल्या पुस्तकांसाठी लेखकांना सरकारकडून मानधन मिळतं. ती सोय कायद्याने करणारा डेन्मार्क हा जगातला पहिला देश, १९४६ पासून. थित येन्सन ह्या लेखिकेने ही मागणी १९१८ मध्येच केली होती. त्यात चित्रकारांचा आणि अनुवादकांचाही वाटा असतो. अट अशी की पुस्तक डॅनिशमध्ये हवं, तेव्हा मराठीतून डॅनिशमध्ये अनुवाद करायची ज्यांची तयारी आहे त्यांनी हे लक्षात ठेवा. पुस्तकांवर इथे वर्षानुवर्षं २५ टक्के कर होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तो हटवण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला, तेव्हा आमच्या कार्यालयात लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या.

ओळखीपाळखीसाठी नोव्हेंबरमध्ये कोपनहेगनच्या बेला सेंटरमध्ये भरणाऱ्या पुस्तकमेळ्याला जा. हस्तलिखित घेऊन नको, नुसतं बघायला, ऐकायला. कुठल्या संस्थेची पुस्तकं तुम्हाला मनापासून आवडतात हे ठरवा आणि तिथेच लिहा. पहिल्या पत्रात पदव्यांची यादी शेवटी टाका. त्यांच्याच एखाद्या पुस्तकाबद्दल, ते मुलांना वाचून दाखवताना काय झालं, ते अर्ध्या पानात सांगा. मी पाठवलेल्या पत्रांपैकी ज्यांना उत्तरं आली ती सगळी अशीच होती.

महिन्यातून एकदा मी अजूनही जुन्या शाळेत जाते. गेल्या आठवड्यात नव्या पुस्तकाची डमी घेऊन दुसरीच्या वर्गात बसले होते. अकराव्या ओप्स्लागवर म्हातारा मच्छीमार दार उघडतो आणि बाहेर कोण उभं आहे ते त्याच पानावर खाली एका ओळीत लिहिलेलं होतं. पुढच्या बाकावरच्या मुलाने हातातला पाव खाली ठेवला, पान उलटायला पुढे झुकला, तेवढ्यात मी ती ओळ वाचली, आणि त्याने पाव पुन्हा उचलला. त्या संध्याकाळी लेखिकेला फोन करून ती ओळ आम्ही बाराव्या ओप्स्लागवर नेली.