ऊसतोड कुटुंबांसाठी गावातील सगळ्यांना एका वहीवर कसे आणावे

बीड, धाराशिव, जालना, परभणी या जिल्ह्यांतील ऊसतोड कुटुंबांसाठी काम करू पाहणाऱ्या छोट्या संस्था बहुधा दिवाळीच्या सुमारास जाग्या होतात आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो. मुकादमाची, म्हणजे मजुरांची टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराची, उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) पावसाळ्यातच घरात येते. ती बियाण्याला, दवाखान्याला किंवा लेकीच्या लग्नाला खर्चही झालेली असते, आणि कोणत्या घरातून किती कोयते निघणार हे त्याच्या वहीत पोळ्याच्या आधीच लिहून झालेले असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एवढाच हिशेब त्या वहीत असतो. त्या जोडीतली बाई हंगामात बाळंत होणार आहे, मागे राहणाऱ्या सासूला नीट दिसत नाही, थोरल्याचे नाव शाळेत आहे आणि धाकटीचे कुठेच नाही, या गोष्टी एकत्र लिहून ठेवणारी वही गावात कुणाकडे नसते. संस्थेने ती वही घालावी आणि पोळ्याच्या आसपासच घालावी.

त्यासाठी नवे सर्वेक्षण करू नये. गावात आधीच तीन याद्या असतात: अंगणवाडी सेविकेची नोंदवही, शाळेचा हजेरीपट आणि रेशन दुकानदाराकडील शिधापत्रिकांची यादी. या तिन्ही शेजारी ठेवून घरागणिक एक पान करावे. याद्या एकमेकींशी जुळत नाहीत, आणि जिथे जुळत नाहीत तिथे आपले काम असते. गेल्या वर्षी अंगणवाडीत असलेले सहा वर्षांचे मूल यंदा पहिलीच्या पटावर दिसत नसेल, तर ते आई-वडिलांबरोबर फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या रानात, गेले असण्याचीच शक्यता अधिक. पानावर कुटुंबाचे नाव, जाणारे कोण, मागे राहणारे कोण, जाण्याचा अंदाजे दिवस आणि अडचण एवढे लिहिल्यावर दोन रकाने रिकामे ठेवावेत: ही अडचण कोण पाहणार आणि कोणत्या तारखेपर्यंत. पुढचा सगळा खटाटोप हे दोन रकाने भरण्यासाठीच आहे.

सगळ्यांना एकदम बैठकीला बोलावण्याची घाई अनेक संस्था करतात. त्याऐवजी आधी प्रत्येकाला त्याच्या जागी जाऊन भेटावे. मुख्याध्यापक, अंगणवाडी सेविका, आशा, ग्रामसेवक, रेशन दुकानदार, पोलीस पाटील, बचत गटांच्या ताई या प्रत्येकाला आपण काय मदत मागणार हे सांगण्यापूर्वी त्यांची स्वतःची अडचण विचारावी. मुख्याध्यापकांना पटाची काळजी असते, आशाताईंना हंगामात हरवणाऱ्या गरोदर बायांची आणि दुकानदाराला मशीनवर न जुळणाऱ्या अंगठ्याच्या ठशांची. त्यांच्या अडचणीला आपल्या वहीतून उत्तर मिळते असे दिसले, की बैठकीचे निमंत्रण देण्याचीही फारशी गरज उरत नाही. हरिनाम सप्ताहाच्या समितीलाही विसरू नये. सात दिवस गावाच्या पंगती उठवणाऱ्या या मंडळींना कुणाच्या घरातून धान्य निघेल, कोणती मोठी पातेली कुठे आहेत आणि कोण वेळेला धावून येतो, याची पक्की माहिती असते, आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या चुलीकडे लक्ष ठेवण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले तर ते सहसा मोडत नाही.

मुकादमाला बोलवावे की नाही, यावर आमच्यात दरवर्षी वाद होतो. उचलीच्या जाचाबद्दल बोलायचे असेल तर तो समोर बसलेला असताना कुणी तोंड उघडणार नाही, हे खरे आहे. तरीही टोळी कोणत्या कारखान्याला गेली, तळ कुठे पडला आणि आज कुणाचा फोन लागेल, हे सांगू शकणारा माणूस तोच असतो. म्हणून त्याला बोलवावे, पण बैठकीच्या दुसऱ्या भागाला. मजुरीच्या तक्रारी मात्र वेगळ्या, बंद खोलीत ऐकाव्यात.

बैठकीसाठी ग्राम आरोग्य व पोषण दिन निवडावा, कारण त्या दिवशी आरोग्यसेविका, आशा आणि अंगणवाडी सेविका एकाच जागी असतात आणि कुणाला वेगळा हेलपाटा पडत नाही. हार, नारळ आणि सत्कार यांना फाटा द्यावा, अन्यथा पहिला पाऊण तास त्यातच जातो. वहीतील एकेक पान वाचावे, अडचण सांगावी आणि रकाना भरेपर्यंत पुढचे पान उलटू नये. ‘आरोग्य विभाग पाहील’ असे कुणी म्हणाले तर ते लिहू नये. रकान्यात माणसाचे नाव आणि तारीख असली पाहिजे.

एक पान येथे उलगडून सांगतो. तीन नातवंडांसह मागे राहिलेल्या एका आजींचा अंगठा रेशनच्या मशीनवर उमटत नव्हता. आयुष्यभर खुरपे धरून बोटांच्या रेषाच झिजल्या होत्या. ओटीपीवर धान्य देता येत होते, पण आधारला जोडलेला मोबाइल मुलाबरोबर फडावर होता, आणि दिवसा उसाच्या रानात त्याला रेंज नसायची. आजी दोन महिन्यांत चार वेळा दुकानातून रिकामी पिशवी घेऊन परतल्या होत्या. बैठकीत दुकानदार म्हणाले की महिन्यातल्या एका ठरलेल्या दिवशी ते सायंकाळी सातनंतर मशीन सुरू ठेवतील. मुकादमाने त्या दिवशी मुलाला कोपीवर (तळावरच्या झोपडीवर) लवकर सोडण्याचे कबूल केले, आणि शेजारच्या बचत गटाच्या ताईंनी आपल्या फोनवरून ओटीपी विचारून घेण्याचे. पैसा कुणाचाच लागला नाही. तिघांपैकी एकालाही हे एकट्याने जमले नसते, आणि आम्हालाही नुसत्या दुकानदाराशी भांडून जमले नव्हते. जाणाऱ्या घरांना ‘एक देश, एक रेशन कार्ड’ची माहितीही याच बैठकीत द्यावी: जाणाऱ्यांनी आपल्या वाट्याचे धान्य तिकडच्या दुकानातून उचलावे आणि उरलेला वाटा घरच्यांनी येथे घ्यावा, अशी सोय त्यात आहे.

शाळेच्या बाबतीत तारखांना फार महत्त्व आहे. हंगामी वसतिगृह शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालते. नाव वसतिगृह असले तरी बऱ्याच गावांत मुले रात्री आजी-आजोबांकडेच झोपतात आणि शाळेकडून त्यांना जेवण मिळते. प्रस्तावाला स्थलांतर करणाऱ्या पालकांच्या मुलांची यादी लागते. आपली वही पोळ्याला तयार असेल तर ही यादी भाद्रपदातच समितीच्या हाती देता येते. मंजुरी उशिरा आली, की आई-वडील मुलांना ट्रॅक्टरमध्ये बसवून घेऊन जातात, आणि मग वसतिगृह सुरू होऊनही पंगत रिकामी राहते. जी मुले जाणारच आहेत त्यांना शाळेने शिक्षण हमी पत्रक द्यावे, म्हणजे तिकडच्या शाळेत त्यांना बसवून घेता येते. ते पत्रक आईच्या हातात, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्यावे.

कागदपत्रांचे शिबिर घटस्थापनेपूर्वी उरकावे. अर्ज मुंबई-पुण्याहून आलेल्या पाहुण्याच्या सोयीने ठेवलेल्या मेळाव्यात भरले जातात आणि सहीची वेळ येते तेव्हा अर्जदार आई कारखान्याच्या तळावर असते, असे आम्ही स्वतः एकदा करून बसलो आहोत. घरातला कर्ता वारलेला असेल आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालील असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी 20,000 रुपये मिळतात. मुलांसाठी बाल संगोपन योजनेतून दरमहा 2,250 रुपयांची सोय आहे. दोन्हींना मृत्यूचा दाखला लागतो आणि नेमका तोच घरात नसतो. तो काढण्याचे काम ग्रामसेवकाच्या नावापुढे लिहावे.

गरोदर मातेचे माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर जाते की नाही, हे आशाताईंनी निघण्याच्या आदल्या दिवशी पाहावे आणि बाळंतपणाची अंदाजे तारीख वहीत टिपावी. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याची चौकशी केली. तेव्हापासून आम्ही हंगामाआधीच्या आणि हंगामानंतरच्या तपासणीला वहीत वेगळी जागा ठेवतो, आणि कुठल्याही बाईला ‘पिशवी काढा’ असा सल्ला मिळाला, तर तिने सरकारी दवाखान्यात दुसरे मत घ्यावे म्हणून आरोग्यसेविकेला तिच्याबरोबर पाठवतो.

काही पाने बैठकीत वाचायची नसतात. घरातली मारहाण, मुलीचे ठरू घातलेले लग्न, कुणाचा आजार या गोष्टी चारचौघांत गेल्या, की त्या घराचे दार आपल्याला कायमचे बंद होते. कोयता पुरा व्हावा म्हणून हंगामाच्या तोंडावर अल्पवयीन मुलीचे लग्न उरकण्याचा प्रकार आपल्याकडे घडतो. त्याची कुणकुण लागली तर ग्रामसेवकाशी एकांतात बोलावे, कारण गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच असतात, आणि वेळ कमी असेल तर 1098 वर फोन करावा. ही वही संस्थेच्या कपाटात कुलपात ठेवावी आणि तिच्या पानांचे फोटो व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नयेत. आमच्या एका उत्साही कार्यकर्त्याने ते टाकले होते; त्यानंतर तीन घरांनी वर्षभर आमच्याशी बोलणे सोडले.

टोळ्या गेल्यावर दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला प्रत्येक पानावरून एक फोन तिकडे आणि एक फेरी इकडे, एवढे पुरते. रकान्यात नाव असूनही काम न केलेल्या माणसाला बैठकीत खिंडीत पकडू नये; आधी त्याच्या घरी जाऊन अडले कुठे ते विचारावे, आणि त्याला ते झेपत नसेल तर रकान्यातले नाव खोडून दुसरे लिहावे. गुढीपाडव्याच्या आगेमागे टोळ्या परततात. त्या आठवड्यात पुन्हा सगळ्यांनी बसावे, पूर्ण झालेली पाने दोऱ्याने बांधावीत आणि अपुरी राहिलेली पाने नव्या वहीच्या सुरुवातीला शिवावीत, म्हणजे पुढच्या पोळ्याला वाचन त्यांच्यापासून सुरू होते.