बिलिरुबिन वाढलंय? रिपोर्ट असा वाचा

रिपोर्टात टोटल बिलिरुबिनचा, म्हणजे रक्तातल्या काविळीच्या पिवळ्या रंगद्रव्याचा, आकडा ठळक छापून आला की सांगली-मिरजेकडं निम्मं घर दवाखान्याचं बघतं आणि निम्मं कावीळ उतरवणाऱ्याचं. थांबा जरा. टोटल साधारण १.२ (mg/dL) पर्यंत नॉर्मल धरतात, पण का वाढलंय ते त्याच्या खालच्या दोन ओळी, इनडायरेक्ट आणि डायरेक्ट, सांगतात, त्या आधी बघा.

इनडायरेक्ट म्हणजे जुन्या लाल पेशी मोडून तयार झालेलं, अजून लिव्हरनं हात न लावलेलं. तेवढंच वाढलंय आणि एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की वाढणारं एन्झाइम), हिमोग्लोबिन सगळं नीट आहे, तर बऱ्याचदा गिल्बर्ट सिंड्रोम निघतो, म्हणजे लिव्हर बिलिरुबिन जरा हळू हाताळतं एवढंच. हे जन्मजात असतं, नवरात्राचे कडक उपवास, ताप, वारीतली दमणूक असं काही झालं की आकडा चढतो, बहुतेक वेळा ३ च्या आतच राहतो आणि औषध काही लागत नाही. मात्र हिमोग्लोबिनही घसरलं असेल तर पेशी जास्त फुटतायत का ते बघावं लागतं, मलेरिया, सिकल सेल, थॅलेसेमिया, कधी बी१२ ची कमतरता. डॉक्टर रेटिक काउंट, म्हणजे नव्या लाल पेशींची मोजणी, सांगतील, तो करा.

डायरेक्ट, म्हणजे लिव्हरनं प्रक्रिया केलेलं, वाढलं तर लघवीचा रंग बघा. हे बिलिरुबिन पाण्यात विरघळतं म्हणून लघवी गडद पिवळी होते. आता एसजीपीटी बघायचं. ते हजाराच्या घरात गेलं असेल तर लिव्हरला सूज, आणि कृष्णेला पूर येऊन पिण्याचं पाणी खराब झालं की हिपॅटायटिस ए आणि ई चा संशय पहिला घ्यावा, उसात चिखलात काम करणाऱ्याला तापासोबत कावीळ असेल तर लेप्टोचाही (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीनं दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप). दारू, टीबीच्या गोळ्या, गुळवेलीचा काढा, जे काही चालू असेल ते डॉक्टरांना सांगाच, लपवू नका. याउलट अल्कलाइन फॉस्फेटेज (रिपोर्टातलंच आणखी एक एन्झाइम) जास्त, अंगाला खाज, शौचाला पांढरट, म्हणजे पित्ताची वाट अडलीय, खडा किंवा गाठ, सोनोग्राफी लगेच करा. पोट दुखत नाही म्हणून निवांत राहू नका, दुखल्याशिवाय वाढणारी कावीळ वयस्कर माणसात जास्त काळजीची.

गळ्यात माळ घालायची तर घाला, पण तपासणी त्यासाठी थांबवू नका. कावीळ झालेला माणूस बरळायला लागला, नुसता झोपून राहिला, रक्ताची उलटी झाली, थंडी वाजून ताप आला, किंवा बाळ जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पिवळं दिसलं, तर रात्र असली तरी मोठ्या हॉस्पिटलला न्या.