डायटमचा क्लोरोप्लास्ट जीनोम जोडताना या चुका टाळा

‘मॅडम, इन्व्हर्जन सापडलं!’ म्हणजे डीएनएचा एक तुकडा उलटा झालाय, असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, छोटा सिंगल कॉपी भाग उलटून पाहिलास का? उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असतं.

डायटम म्हणजे एकपेशी शैवाल. त्याच्या क्लोरोप्लास्टच्या वर्तुळाकार जीनोममध्ये एकाच क्रमाच्या दोन प्रती (इन्व्हर्टेड रिपीट) एकमेकांच्या उलट दिशेला असतात आणि त्यांच्यामध्ये एकदाच येणारे दोन भाग, एक मोठा, एक छोटा सिंगल कॉपी भाग. रिपीटमध्ये पुनर्संयोजन (डीएनएच्या तुकड्यांची अदलाबदल) चालूच असतं, म्हणून एकाच पेशीत छोटा भाग सुलट आणि उलट असे दोन्ही प्रकारचे रेणू नांदतात. वाचलेले तुकडे जोडणारं सॉफ्टवेअर, म्हणजे असेंब्लर, त्यातला कोणताही एक हातात ठेवतं.

शिवडीच्या चिखलातून वेगळ्या केलेल्या नित्झ्शिया वंशाच्या एका डायटमवर एक विद्यार्थी काम करत होता. त्याच वंशाच्या प्रसिद्ध जीनोमशी तुलना केली, डॉट प्लॉटमध्ये (दोन क्रम कुठे जुळतात ते दाखवणाऱ्या आलेखात) ठसठशीत फुली दिसली आणि परिषदेसाठी पोस्टर छापून झालं. ‘इन्व्हर्जन’ची दोन्ही टोकं बरोबर रिपीटच्या कडेला होती, तिथेच शंका यायला हवी होती. तेवढा भाग रिव्हर्स कॉम्प्लिमेंट केला, म्हणजे समोरच्या धाग्यावरून उलटा वाचला, आणि फुली गेली, सरळ रेघ उरली. पोस्टर रद्द.

जनुकांचा क्रम डायटममध्ये खरोखर बदलतो, वंशावंशांत तर बराच. पण मी दोन्ही तुटीच्या जागा ओलांडणारे लाँग रीड्स (डीएनएचे सलग वाचलेले लांब तुकडे) डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते मान्य करत नाही. ज्यांना एका रात्रीत निकाल हवा असतो, ते नेमकी हीच पायरी गाळतात.

दुसरी खोड: जनुक दिसलं नाही की ‘लोप पावलं’ लिहून मोकळं व्हायचं. थॅलॅसिओसिरा ओशनिका या डायटमचं पेटएफ हे जनुक क्लोरोप्लास्टमध्ये नाही, ते केंद्रकात गेलंय, हे 2010 मध्येच प्रसिद्ध झालंय. आधी केंद्रकाच्या डेटात शोधा. पीएसबीसी आणि पीएसबीडी ही जनुकं एकमेकांवर चढलेली असतात, काही जनुकं नेहमीच्या एटीजीऐवजी जीटीजीने सुरू होतात. अ‍ॅनोटेशनमधून (जीनोमवर जनुकांच्या जागा नोंदवताना) ती सहज निसटतात.

जीनोम जोडणाऱ्या गेटऑर्गनेल या सॉफ्टवेअरमध्ये जमिनीवरच्या वनस्पतींचा डेटाबेस निवडू नका. डायटमचं क्लोरोप्लास्ट लाल शैवालाकडून आलंय. रुबिस्को या कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या विकराच्या लहान उपएककाचं जनुकही इथे क्लोरोप्लास्टमध्येच असतं, झाडांसारखं केंद्रकात नाही. संदर्भाला ओडोंटेला सायनेन्सिस या डायटमचा 1995 मध्ये प्रसिद्ध झालेला क्लोरोप्लास्ट जीनोम घ्या, साधारण 120 किलोबेसचा.

प्लाझमिडशी (मुख्य जीनोमपासून वेगळ्या छोट्या वर्तुळाकार डीएनएशी) जुळणारे तुकडे दिसले तर बाहेरून मिसळलेलं दूषण समजून फेकू नका. डायटममध्ये ते खरेच असतात.

आणि कल्चर एकाच पेशीपासून वाढवलेलं नसेल, तर सिक्वेन्सिंगला पाठवूच नका.