लॅपटॉपची हार्ड डिस्क जायला लागली? या चुका टाळा

एखादं फोल्डर उघडायला दोन मिनिटं लागतात. फाइल कॉपी होता होता पट्टी एकाच जागी अडून बसते. विंडोज रोज सकाळी आपणहून ‘रिपेअर’ करत राहतं. गावातल्या सेवा केंद्रापासून लग्नाचे फोटो काढणाऱ्या पोरांपर्यंत बहुतेक जण अशा वेळी लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करतात, आणि चालू झाला की कामाला लागतात.

सगळ्यात महाग पडते ती हीच चूक. लॅपटॉपच्या बहुतेक हार्ड डिस्कमधली तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. ते एकदा घासायला लागलं की ओरखडे वाढत जातात आणि त्यातून उडालेली भुकटी चांगली जागाही खराब करते. त्यामुळे आधी डेटा बाहेर काढायचा, दुरुस्तीचं मग बघायचं.

काय आधी काढायचं हे दोन मिनिटं शांत बसून ठरवा. सातबारा, आठ-अ पुन्हा ऑनलाइन निघतात. गाणी, पिक्चर, सॉफ्टवेअर गेले तर जाऊ द्या. बचत गटाचा हिशोब, शाळेचे निकाल, टॅलीचा डेटा, लोकांच्या लग्नाचे फोटो हे दुसरीकडे कुठेच नसतं. त्यांचा नंबर पहिला. पूर्ण सी ड्राइव्ह ओढत बसू नका.

आणि ते डी ड्राइव्हवर टाकू नका! ‘सी खराब झाला, डी चांगला आहे’ असं तालुक्याच्या दुकानातही ऐकायला मिळतं. सी आणि डी हे बहुतेक लॅपटॉपमध्ये एकाच डिस्कचे पाडलेले भाग असतात. शेताचे दोन हिस्से झाले तरी विहीर एकच असावी, तसं. ती आटली की दोन्ही हिस्से कोरडे. कॉपी बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवरच घ्या. रोबोकॉपी (विंडोजमधली कॉपी करायची कमांड) वापरत असाल तर रिट्रायचा, म्हणजे पुन्हा प्रयत्नांचा आकडा शून्य किंवा एक ठेवा. नाही तर ती एकेका अडलेल्या फाइलसाठी ३० सेकंद थांबून १० लाख वेळा प्रयत्न करते, आणि त्या नादात डिस्क संपते.

वरचं सगळं डिस्क फक्त मंद झाली असेल तेव्हाचं. आतून ठरावीक लयीत कट-कट येत असेल तर कॉपीचाही मोह नको, लगेच बंद करा. डेटा खरोखर मोलाचा असेल तर स्वच्छ खोलीत डिस्क उघडणाऱ्या डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्या. घरी स्क्रू काढून बघणं किंवा डिस्क फ्रीजमध्ये ठेवणं यातून नुकसानच होतं. साध्या हवेतला धुळीचा कण त्या हेडच्या अंतराच्या कित्येक पट मोठा असतो.

चेक डिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन, लगेच चालवू नका. ती खराब जागा पुन्हा पुन्हा वाचते आणि फाइलींच्या नोंदी बदलते. सशक्त डिस्कला ते सोसतं, मरणपंथाला लागलेलीला नाही. ‘फॉर्मॅट मारून विंडोज नवीन टाकून देतो’ यालाही डेटा हातात येईपर्यंत ठाम नकार द्या. रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर इन्स्टॉल केलं तर ज्या फाइली परत हव्यात त्यांच्यावरच ते लिहिलं जाऊ शकतं.

कॉपी झाली की डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर उघडून बघा. ‘रीअलोकेटेड’ (खराब म्हणून बदललेल्या) किंवा ‘करंट पेंडिंग’ (खराब असल्याचा संशय असलेल्या) सेक्टरचे, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या जागांचे आकडे शून्यावरून वर चढत असतील तर ती डिस्क बदलायचीच. ‘अजून वर्षभर चालेल’ म्हणून तिच्यावर नवीन काम ठेवू नका.

आपल्या भागातली एक सवय तर मला फार खटकते. बॅटरी मेलेली असते आणि लॅपटॉप नुसत्या अडॅप्टरवर चालतो. लाइन गेली की डिस्क लिहिता लिहिता बंद पडते, हेडला घाईघाईत जागेवर परतावं लागतं. पावसाळ्यात हे दिवसातून कितीदा होतं ते सांगायला नको. नवी बॅटरी किंवा छोटा यूपीएस हा खर्च डेटा रिकव्हरीच्या मानाने किरकोळ आहे. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना टिनाच्या छपराखाली, गादीवर लॅपटॉप ठेवून काम करणंही सोडा. साधारण ६० अंश ही या डिस्कची मर्यादा, आणि हवेची जाळी दाबली गेली की ती फार दूर राहत नाही. कच्च्या रस्त्यावर गाडीवरून नेताना नुसतं झाकण लावून बॅगेत टाकू नका, पूर्ण बंद करा.

बदलताना एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क घ्या. तिच्यात फिरणारं काही नाही, त्यामुळे हादऱ्याची भीती बरीच कमी. मात्र ती बहुतेकदा आवाज न करता, काही इशारा न देता एकदम जाते, आणि तिच्यावरून पुसलेली फाइल सहसा परत मिळत नाही. म्हणून दर आठवड्याला बाहेरच्या डिस्कवर कॉपी घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. लॅपटॉपला लावूनच ठेवली तर वीज पडल्यावर दोन्ही एकदम जातील.