पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करताय? या चुका टाळा

गोव्यातल्या नात्यागोत्यातल्या आठ-दहा घरांचे कागद मी आजवर लावून दिले. जवळजवळ प्रत्येक घरात घोळ तेच होते.

१९ डिसेंबर १९६१पूर्वी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना पोर्तुगाल आपलेच नागरिक मानतं. म्हणून त्यांच्या मुलानातवांना पोर्तुगीज नागरिकत्व हवं असेल तर काम तिथल्या नोंदींचं असतं: आधी आजोबांचा जन्म, मग त्यांचं लग्न, मग वडिलांचा जन्म, आणि त्यानंतर तुम्ही. नातवाला घाई असते, म्हणून तो मधली पायरी गाळून थेट स्वतःचा अर्ज करतो. तसं करू नका.

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती नावात. जुन्या पोर्तुगीज नोंदींत ‘क’साठी ‘सी’ किंवा ‘क्यू-यू’ येतं, ‘श’च्या जागी ‘एक्स’. कामतांचे कामोतीं, प्रभूंचे पोरोब, शेणवींचे सिनाय झालेले. मुक्तीनंतर तीच माणसं शाळेच्या दाखल्यावर इंग्रजी स्पेलिंगने आली. माझ्या मावसभावाच्या बाबतीत हेच झालं. त्याच्या एजंटाने ‘झटपट होतं’ म्हणून आजोबांचा नव्या स्पेलिंगचा इंग्रजी दाखला काढून पाठवला. वर्षभराने लिस्बनहून पत्र आलं, मूळ नोंदीची पूर्ण नक्कल पाठवा. ती नक्कल, जिला गोव्यात तेओर म्हणतात, काढली तर नाव वेगळं, आडनाव वेगळं. एकाच माणसाचे दोन कागद एकमेकांना खोटं पाडत होते, तेही एकाच फाइलमध्ये. शेवटी आजोबांच्या लग्नाची नोंद सापडली. त्यात जन्मनोंदीतलंच स्पेलिंग होतं आणि आजीचं नाव वडिलांच्या दाखल्याशी जुळत होतं. तिच्या आधाराने ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र केलं. दोन वर्षं गेली, आणि मावशीचे यजमान तेवढ्यात वारले.

म्हणून मी आधी तेओरच काढतो आणि मूळ नोंदीतलं नाव सोयीसाठी बदलू देत नाही. एक शाळेची वही ठेवतो, प्रत्येक माणसाला एक पान. कुठल्या कागदावर नाव कसं लिहिलंय ते अक्षर न् अक्षर उतरवतो. याला दोन संध्याकाळी लागतात. ज्यांना तेवढाही धीर नाही, त्यांचे कागद मी हातात घेत नाही.

दुसरी सही. गोव्यात लग्नाच्या नोंदणीसाठी सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोनदा जावं लागतं. पहिली सही होते, लग्न थाटात लागतं आणि दुसरी राहून जाते. आईवडिलांची दुसरी सही झाली आहे ना, हे आजच बघा.

दाखले लॅमिनेट करू नका, अपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा, शिक्का त्यावर बसत नाही. आणि इंग्लंडमधल्या स्विंडनला जायचं म्हणून हे करत असाल तर थांबा: २०२० संपलं तेव्हापासून पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनमध्ये आपोआप राहता येत नाही.

आता ज्या चुकीचा मला खरोखर राग येतो ती. ‘दोन्ही नागरिकत्वं ठेवता येतात’ असं सांगणाऱ्यासमोरून उठून या. आपल्या राज्यघटनेचं नववं कलम आणि १९५५चा नागरिकत्व कायदा ते मान्य करत नाहीत. परक्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलंत की भारताचं जातं. भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, तो खिशात ठेवून फिरणं गुन्हा आहे. नंतर मिळणारं ओसीआय कार्ड, म्हणजे मूळच्या भारतीयांना मिळणारं ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्ड, म्हणजे नागरिकत्व नव्हे. त्यावर मतदान नाही, आणि शेतजमीन किंवा बागायत विकत घेता येत नाही. हे घरात सगळ्यांना बसवून आधी सांगायचं असतं. फोंड्याकडच्या एका घरात मी ते सांगितलं तेव्हा धाकटा गप्प झाला. त्याला शेजारचं कुळागर, म्हणजे पोफळी-नारळाची बागायत, घ्यायचं होतं. अर्ज मग थोरल्याने एकट्यानेच केला.