सातेरी मधमाश्या पाळताना पहिल्या वर्षी या चुका टाळा

हौसेने एक-दोन मधपेट्या ठेवणाऱ्या शेतकऱ्याची सर्वांत सामान्य तक्रार अशी असते की, आणलेली वसाहत दोन-तीन महिन्यांत पेटी सोडून निघून गेली. मग तो पेटीला, विकणाऱ्याला किंवा नशिबाला दोष देतो आणि दुसरी वसाहत आणतो, तीही जाते. सातेरी मधमाशी जंगलात झाडांच्या ढोलीत, वारुळांत आणि खडकांच्या कपारींत एकमेकांना समांतर अशी अनेक पोळी बांधून राहते. म्हणूनच ती पेटीतही राहू शकते. मात्र अन्न संपले, ऊन असह्य झाले, मुंग्यांचा किंवा मेणकिड्याचा (पोळ्यातील मेण खाणाऱ्या किड्याचा) त्रास वाढला किंवा माणसाने वारंवार ढवळाढवळ केली, तर राणीसह सगळे मोहोळ उठून जाते. नवी वसाहत आणण्याआधी जुनी का गेली याचे कारण शोधणे हेच पहिल्या वर्षातले सर्वांत महत्त्वाचे काम आहे.

फुलोऱ्याचा हिशेब न करता पेटी आणणे

सातेरीच्या कामकरी माश्या साधारण एक किलोमीटरच्या परिसरात अन्न शोधतात. त्यामुळे आपल्या अर्ध्या एकरात काय लावले आहे यापेक्षा आजूबाजूच्या शेतांत, बांधांवर आणि डोंगरउतारावर वर्षभर काय फुलते, याला अधिक महत्त्व आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर हिरडा, जांभूळ, गेळा, पिसा यांसारखी झाडे मकरंद देतात. कारवीचा मोठा बहर मात्र सात-आठ वर्षांनी एकदाच येतो, म्हणून त्याच्या भरवशावर दरवर्षीचा बेत आखता येत नाही. पठारावर कारळे, तीळ, सूर्यफूल, धने, बियाण्यासाठी राखलेला कांदा, शेवगा, करंज, कडुनिंब आणि बाभूळ यांचा आधार असतो. मका आणि बाजरी पराग देतात, पण मकरंद देत नाहीत. सभोवती केवळ ऊस असेल, तर सगळे शिवार हिरवेगार दिसत असूनही मधमाश्यांच्या दृष्टीने तेथे दुष्काळच असतो. वारंवार फवारणी होणाऱ्या द्राक्षबागांच्या मध्यभागीही पेटी ठेवू नये. पेटी विकत घेण्याआधी प्रत्येक महिन्यात परिसरात काय फुलते याची वहीत नोंद करावी आणि ज्या महिन्यांत काहीच फुलत नाही, त्या महिन्यांत वसाहत काय खाणार याचे उत्तर आधी ठरवावे. शेवगा आणि भरपूर तुळस लावल्याने उणीव थोडीफार भरून निघते; अर्ध्या एकराची लागवड मोहोळ पोसू शकत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

याच कारणाने पावसाळ्याच्या तोंडावर वसाहत आणणे चुकीचे ठरते. जून ते ऑगस्ट या काळात घाटात आणि कोकणात माश्यांना दिवसचे दिवस बाहेर पडता येत नाही, आणि नवख्या माणसाला त्यांना जगवणे जमत नाही. पाऊस सरल्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरुवात केल्यास पुढचे काही महिने निसर्गच वसाहत वाढवतो आणि आपल्याला शिकायला वेळ मिळतो.

चुकीची माशी, चुकीची पेटी

आग्या माशी आणि फुलोरी माशी उघड्यावर एकच पोळे बांधतात, त्यामुळे त्यांना पेटीत पाळता येत नाही. युरोपातून आलेली मेलिफेरा जास्त मध देते, परंतु तिच्या पेट्या फुलोऱ्यामागे एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात हलवाव्या लागतात आणि तिच्यावरील परजीवी कोळ्यांचा सतत बंदोबस्त करावा लागतो. एका जागी दोन पेट्या ठेवणाऱ्याला हा व्याप झेपत नाही. सातेरीपासून वर्षाला पाच ते दहा किलो मध मिळाला तरी तो चांगलाच म्हणावा, आणि छोट्या शेतासाठी तीच योग्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मेलिफेराची मोठी पेटी स्वस्तात मिळते म्हणून तीत सातेरी भरू नये. सातेरीला दोन पोळ्यांमध्ये कमी अंतर लागते. ते जास्त झाले की माश्या चौकटी (पोळे बांधण्यासाठी पेटीत टांगलेल्या लाकडी पट्ट्यांच्या चौकटी) सोडून आडवी-तिडवी पोळी बांधतात आणि मग एकही चौकट न मोडता बाहेर काढता येत नाही. सुरुवात दोन वसाहतींपासून करावी, कारण एकीची राणी मेली तर दुसरीतील अंडी असलेली चौकट देऊन तिला नवी राणी तयार करू देता येते. एकच वसाहत असेल, तर अशा वेळी हातात काहीच उरत नाही. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून कार्यरत आहे आणि महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. पेटी घेण्याआधी अशा ठिकाणी प्रशिक्षण घेतल्यास पुढील बराच मनस्ताप टळतो.

जागा आणि हाताळणी

पेटीवर सकाळचे कोवळे ऊन यावे आणि दुपारी सावली असावी. दार पूर्वेकडे किंवा आग्नेयेकडे ठेवावे, ते पायवाटेवर किंवा गोठ्यावर उघडू नये, आणि पावसाचे पाणी आत साचू नये म्हणून पेटी पुढच्या बाजूला किंचित कलती ठेवावी. पेटीखालच्या घोडीचे, म्हणजे तिवईचे, चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की मुंग्या चढत नाहीत, पण वाढलेल्या गवताची एक काडी पेटीला टेकली तरी तेवढ्यावरून मुंग्यांना वाट मिळते. जागा चुकल्याचे नंतर लक्षात आले, तर पेटी एकदम पन्नास फुटांवर उचलून नेऊ नये, कारण चरायला गेलेल्या माश्या जुन्याच जागी परततात. ती रोज दोन-तीन फूट सरकवावी, किंवा तीन किलोमीटरहून दूर नेऊन काही आठवड्यांनी नव्या जागी आणावी.

उत्सुकतेपोटी रोज पेटी उघडणे ही अतिशय घातक सवय आहे. फुलोऱ्याच्या दिवसांत आठ-दहा दिवसांनी आणि इतर वेळी पंधरवड्याने, स्वच्छ उन्हाच्या सकाळी, थोडा धूर देऊन केलेली तपासणी पुरेशी असते. दर वेळी राणी शोधण्याचा अट्टहास करू नये. पोळ्याच्या घरांत उभी अंडी दिसली, तर गेल्या तीन दिवसांत राणी तेथे होती हे सिद्ध होते, कारण अंडे तीन दिवसांत उबते. एका घरात अनेक अंडी वेडीवाकडी टाकलेली दिसली, तर राणी नाही आणि कामकरी माश्याच अंडी घालू लागल्या आहेत असे समजावे. ही वसाहत बहुधा सुधारत नाही. मध्ये भोके पाडलेला वर्तमानपत्राचा कागद ठेवून ती दुसऱ्या वसाहतीत मिसळणे हाच मार्ग उरतो.

उठून जाणे आणि विभागणी यांतील फरक

येथे नवशिके सर्वाधिक गोंधळतात, आणि उपाय उलटे असल्याने हा गोंधळ महागात पडतो. वसाहत भरभराटीला आलेली असेल, नरमाश्यांची टोकाला बारीक छिद्र असलेली झाकणे दिसत असतील आणि पोळ्याच्या खालच्या कडेला राणीघरे (नवी राणी वाढवण्याची मोठी घरे) लटकत असतील, तर ती विभागण्याच्या, म्हणजे काही माश्या राणीसह वेगळ्या होऊन नवे घर करण्याच्या, तयारीत आहे. तिला जागा वाढवून द्यावी, किंवा राणीघर असलेल्या काही चौकटी वेगळ्या पेटीत काढून आपणच वसाहत विभागावी.

याउलट राणीने अंडी घालणे थांबवले आहे, अळ्या आणि कोश संपत आले आहेत, पराग येणे बंद झाले आहे आणि साठवलेला मध झपाट्याने कमी होत आहे, अशी लक्षणे दिसली तर सगळे मोहोळच उठण्याच्या बेतात असते. अशा वसाहतीला जागा वाढवून देणे म्हणजे तिला हाकलणेच आहे. माश्यांनी न व्यापलेल्या चौकटी काढून घ्याव्यात, तळफळी स्वच्छ करावी, दुसऱ्या वसाहतीतील पिलाव्याची (अंडी, अळ्या आणि कोश असलेली) एक निरोगी चौकट द्यावी आणि संध्याकाळी साखरेचा पाक द्यावा. दारावर राणी अडवणारी जाळी लावून चार-सहा दिवस मिळवता येतात, परंतु आतली राणी नवी, मीलन न झालेली असेल तर जाळी मुळीच लावू नये, कारण तिला मीलनासाठी बाहेर उडावे लागते.

पाक साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन करावा, पेटीच्या आत ठेवावा आणि माश्या बुडू नयेत म्हणून त्यावर काड्या टाकाव्यात. गुळाच्या पाण्याने माश्यांना हगवण लागते. दिवसाउजेडी किंवा उघड्यावर पाक ठेवल्यास शेजारच्या वसाहतींच्या माश्या लुटीला येतात आणि दुबळे मोहोळ एका दिवसात संपते.

पेटीसमोर मृत माश्या किंवा अळ्या दिसल्यास

दारासमोर एकाएकी मृत माश्यांचा खच पडला आणि अनेकींची जीभ बाहेर आलेली असली, तर बहुधा जवळपास कीटकनाशक फवारले गेले आहे. शेजाऱ्यांशी आधीच बोलून फुलोऱ्यातील पिकावर फवारणी टाळण्याची आणि अगदीच अटळ असल्यास ती माश्या घरी परतल्यावर, संध्याकाळी करण्याची विनंती करावी. अळ्या पाण्याने भरलेल्या पिशवीसारख्या होऊन घरात ताठ मरून पडल्या असतील, तर थाई सॅकब्रूड या विषाणुजन्य रोगाची शंका घ्यावी. १९९१-९२ मध्ये याच रोगाने दक्षिण भारतातील सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर नष्ट केल्या होत्या. त्यावर प्रतिजैविकांचा काहीही उपयोग होत नाही. रोगट वसाहत वेगळी करावी, तिच्या चौकटी दुसरीकडे कधीही वापरू नयेत आणि प्रशिक्षित माणसाचा सल्ला घ्यावा. पोळ्यात जाळ्या आणि बोगदे दिसले तर तो मेणकिडा असतो. जुनी, काळी पडलेली, रिकामी पोळी वेळीच काढून टाकल्यास तो वाढत नाही.

मध काढण्याची घाई

चौकटीतील सुमारे तीन-चतुर्थांश घरांवर मेणाची झाकणे आल्याशिवाय मध काढू नये. कच्च्या मधात पाणी जास्त असते आणि तो आंबतो; मधातील पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांहून अधिक नसावे. पोळे पिळून मध काढल्याने त्यात अळ्या आणि पराग मिसळतात, म्हणून मधयंत्र (चौकटी गरगर फिरवून मध बाहेर काढणारे यंत्र) वापरावे, म्हणजे रिकामे पोळे माश्यांना परत देता येते आणि ते नव्याने बांधण्याचा त्यांचा खर्च वाचतो. मध वरच्या खणातूनच घ्यावा. खालच्या खणात पिलाव्याभोवती साठवलेला मध ही वसाहतीची पावसाळ्याची शिदोरी असते, आणि ती काढून घेतलेल्या पेट्या जुलैत रिकाम्या झालेल्या आढळतात.